गाडीची वॉरंटी संपली म्हणजे सगळं संपलं का?



आज आम्ही मोटारसायकलबद्दल बोलणार आहोत. "हा तर गडीमाणसांचा विषय" म्हणून रेडिओ बंद करू नका. गाडी चालवतं कोण ते सोडा, गाडीचा हप्ता कोण भरतं ते बघा. आपल्या किती गटांमध्ये अंतर्गत कर्ज गाडीसाठी उचललं गेलंय, हे तुमच्याच खतावणीत दिसेल. ज्या वस्तूचा हप्ता आपण भरतो, तिच्याबद्दल आपल्याला चार गोष्टी माहीत पाहिजेत.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट सांगतो. गटाची बैठक चालू होती, वसुली चालू होती. आमची एक ताई वही समोर घेऊन नुसतीच बसली. तीन वर्षांत एकदाही हप्ता न चुकवलेली बाई. विचारलं तर म्हणाली, "गाडी शोरूममध्ये अडकली. सात हजार सहाशे मागायलेत. हप्ता भरावं का गाडी सोडवावं, तुम्हीच सांगा."

या ताईचं चटणी, पापड, शेवयांचं काम आहे. नवराबायको बाजाराच्या दिवशी माल गाडीवर बांधून किनवट, हिमायतनगरला जातात. सासूबाईंचं दवाखान्यात जाणं त्याच गाडीवर. गाडीची वॉरंटी तीन वर्षांची होती, ती पोळ्याच्या सुमारास संपली. त्यानंतर दोन महिन्यांनी सकाळी गाडी चालू केली की इंजिनच्या वरच्या बाजूने टकटक आवाज येऊ लागला. शोरूममध्ये नेली तर त्यांनी तपासून सांगितलं, कॅमशाफ्ट आणि टायमिंग चेन गेली. सुटे भाग 5,600 रुपये, मजुरी 1,400, ऑइल आणि गॅस्केट 600. आणि वर एक वाक्य, "वॉरंटी संपली ताई, आता आमच्या हातात काही नाही."

बहुतेक जण इथंच माघारी फिरतात. आपणही फिरलो असतो. पण काउंटरवरचा मुलगा म्हणतो तेवढ्यावर विषय संपत नाही. पुढे काय करता येतं, ते आज सांगतो.

आधी तीन शब्द वेगळे करू

आपल्या बायकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो वॉरंटी आणि विमा यांत. 1 सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. त्या कागदावर "पाच वर्षे" लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, पाच वर्षं गाडीची काळजी नाही. तसं नाही. तो विमा आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर आहे. इंजिन आतून बिघडलं, तर त्या विम्यातून रुपया मिळत नाही.

वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेली हमी. अमुक वर्षं किंवा अमुक किलोमीटर, यातलं जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत, बनावटीतला दोष निघाला तर कंपनी तो भाग दुरुस्त करून किंवा बदलून देणार. प्रत्येक कंपनीची मुदत वेगळी, म्हणून स्वतःच्या सर्व्हिस बुकात बघायचं. टायर, बॅटरी यांची हमी बहुधा वेगळी असते. ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट हे झिजणारे भाग आहेत, ते वॉरंटीत बसत नाहीत.

तिसरा शब्द गुडविल. वॉरंटी संपल्यावरही, ग्राहक चांगला आहे, गाडी नीट सांभाळलेली आहे आणि भाग लवकरच खराब झाला, असं पटलं तर कंपनी खर्चाचा सगळा किंवा काही वाटा स्वतः उचलते. याला गुडविल म्हणतात. हा नियम नाही, हक्कही नाही. ही सवलत आहे. शेजारीण जास्तीची भाकरी देते तशी. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि दिलीच पाहिजे असं म्हणता येत नाही. पण मागायला कुणाची बंदी नाही.

सवलत मागण्याआधी हक्क तपासा

हे फार महत्त्वाचं आहे. जे आपल्या हक्काचं आहे, ते विनंती करून मागू नये. म्हणून आधी तीन गोष्टी बघा.

एक, रिकॉल आहे का? कधीकधी कंपनीलाच कळतं की अमुक काळात बनवलेल्या गाड्यांमध्ये अमुक भाग खराब आहे. मग कंपनी त्या सगळ्या गाड्या बोलावते आणि भाग फुकट बदलून देते. 2021 मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलच्या दोषासाठी दोन लाखांहून जास्त गाड्या अशा बोलावल्या होत्या. 2024 मध्ये यामाहाने ब्रेक लिव्हरच्या दोषासाठी रे झेडआर आणि फसिनो या 125 सीसीच्या सुमारे तीन लाख स्कूटर बोलावल्या. त्यातल्या कितीतरी स्कूटर बायकाच चालवतात. आता मोटार वाहन कायद्यातच कलम 110 अ आलेलं आहे, त्याने सरकार सुद्धा कंपनीला सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकतं. आरसीवर 17 अक्षरी-आकडी चेसिस नंबर असतो. तो शोरूममध्ये द्या आणि विचारा, "या नंबरवर काही रिकॉल बाकी आहे का?" बाकी असेल तर वॉरंटी संपलेली असो वा नसो, पैसे द्यायचे नाहीत.

दोन, वॉरंटी चालू असताना याच बिघाडाची तक्रार केली होती का? जॉब कार्डवर तशी नोंद असेल, आणि त्यांनी तेव्हा नीट दुरुस्त केलं नसेल, तर ती तक्रार वॉरंटीतलीच आहे. तारीख उलटली म्हणून ती मरत नाही.

तीन, गाडी घेताना वाढीव वॉरंटी घेतली होती का? पुष्कळदा ती बिलात जोडलेली असते आणि घरात कुणाला माहीतच नसतं. बिल काढून वाचा.

आमच्या ताईचं या तिन्हींत काही बसत नव्हतं. शेवटच्या सर्व्हिसिंगला तिच्या नवऱ्याने "आवाज येतो" असं तोंडी सांगितलं होतं. तिथल्या मुलाने "चालवा, काही होत नाही" म्हणून सोडून दिलं. जॉब कार्डवर मात्र काहीच लिहिलं नव्हतं. तोंडी बोलणं वाऱ्यावर गेलं. ते एक वाक्य कागदावर असतं, तर ताईला एक रुपयाही द्यावा लागला नसता, असं आम्हाला आजही वाटतं.

कंपनी काय बघते?

गुडविल देताना शोरूमवाले स्वतःच्या खिशातून देत नाहीत. ते कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरकडे मागणी पाठवतात. तो माणूस कागद बघून ठरवतो. त्याच्यासमोर साधारण हे प्रश्न असतात.

वॉरंटी संपून किती दिवस झाले? दोन महिने झाले असतील तर ऐकून घेतात, दोन वर्षं झाली असतील तर अवघड आहे. गाडी किती किलोमीटर चालली? सगळ्या सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात आणि वेळेवर झाल्या का? बिघडलेला भाग झिजणारा आहे की बरीच वर्षं टिकायला पाहिजे असा आहे? इंजिन बाहेर कुठं उघडलंय का? ऑइल कमी असताना गाडी ओढली का, किंवा अपघात झाला का?

आमच्या ताईच्या बाजूने काय होतं? गाडी 27,000 किलोमीटर चालली होती. सर्व्हिस बुकात सगळे शिक्के होते. सगळी बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत, गटाच्या पासबुकासोबत ठेवलेली होती. त्या पिशवीनेच तिचे पैसे वाचवले.

आता दुसऱ्या एका ताईचंही सांगतो. तिच्या गाडीचा बिघाड जवळपास तसाच होता. पण घरच्यांनी गाडी आधी ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने इंजिन खोललं, दोन भाग बदलले, जुने भाग भंगारात गेले. आवाज गेला नाही, तेव्हा शोरूम आठवलं. शोरूमने एका वाक्यात हात झटकले, "इंजिन बाहेर उघडलंय." सगळा खर्च त्या ताईच्या अंगावर पडला. मिस्त्री वाईट होता असं नाही. पंक्चर, ब्रेक, केबल, यासाठी गावातलाच माणूस बरा. पण वॉरंटी नुकतीच संपली असेल आणि बिघाड इंजिन किंवा गिअरबॉक्सचा असेल, तर कंपनीचं उत्तर लेखी मिळेपर्यंत इंजिन कुणालाही उघडू देऊ नका.

मग करायचं काय?

पहिलं, गाडी ओढू नका. आवाज येत असताना महिनाभर चालवली, तर "तुम्हीच वाढवलं" असं म्हणायला त्यांना जागा मिळते.

दुसरं, अधिकृत केंद्रात गाडी देताना जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. "जनरल चेकअप" असं लिहू देऊ नका. "सकाळी चालू केल्यावर इंजिनच्या हेडमधून टकटक आवाज" असं स्पष्ट लिहा. तारीख, किलोमीटर आणि सही बघा, एक प्रत घ्या. आवाजाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा.

तिसरं, खर्चाचा अंदाज लेखी मागा. भाग वेगळे, मजुरी वेगळी. "होऊन जाईल ताई, बघू नंतर" यावर गाडी सोडू नका. इंजिन खोलायचीच मजुरी लागणार असेल, तर तीही आधी विचारा.

चौथं, अर्ज द्या. काउंटरवर भांडून काही होत नाही, तिथल्या मुलाच्या हातात खरंच काही नसतं. अर्ज सर्व्हिस मॅनेजरच्या नावाने, दोन प्रतींत. एका प्रतीवर पोच घ्यायची. तोच अर्ज कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर पाठवायचा. पत्ता सर्व्हिस बुकात असतो. घरात ईमेल नसेल, तर गटातली शिकणारी पोरगी किंवा आपले सरकार केंद्रवाला करून देईल. आम्ही ताईसाठी लिहिलेला अर्ज असा होता. लिहून घ्या.

"प्रति, सर्व्हिस मॅनेजर. विषय: वॉरंटीनंतर झालेल्या इंजिनच्या बिघाडाची दुरुस्ती गुडविलमध्ये करून मिळणेबाबत. महोदय, आमची गाडी क्रमांक अमुक, चेसिस क्रमांक अमुक, आपल्याकडून अमुक तारखेला घेतली आहे. वॉरंटी अमुक तारखेला संपली. गाडी 27,000 किलोमीटर चालली आहे. सर्व सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात वेळेवर केल्या असून नोंदी व बिले सोबत जोडली आहेत. इंजिन बाहेर कोठेही उघडलेले नाही. आपल्या तपासणीत कॅमशाफ्ट व टायमिंग चेन खराब झाल्याचे आढळले. एवढ्या चालीत हे भाग खराब होणे अपेक्षित नाही. तरी सुट्या भागांचा खर्च कंपनीने गुडविलमध्ये करावा, ही विनंती. मजुरी देण्यास आम्ही तयार आहोत. हा अर्ज कंपनीकडे पाठवून आम्हास लेखी उत्तर द्यावे."

बघा, यात रडगाणं नाही आणि धमकीही नाही. तारखा आहेत, आकडे आहेत, आणि नेमकं काय पाहिजे ते आहे. मजुरी आम्ही आपणहून का देऊ केली? कारण ही सवलत आहे. दोघांनी वाटा उचलायचं म्हटलं की वरच्या माणसाला हो म्हणायला सोपं जातं. पण रिकॉल असेल किंवा वॉरंटीतली जुनी तक्रार असेल, तर मजुरीचं वाक्य लिहायचं नाही. तिथं आपला हक्क आहे.

पाचवं, अर्ज देऊन घरी बसू नका. चार दिवसांनी फोन करा, "अर्ज कंपनीकडे कोणत्या तारखेला पाठवला?" एवढंच विचारा आणि उत्तर वहीत लिहा.

ताईला नवव्या दिवशी उत्तर आलं. भागांचे 5,600 कंपनीने सोडले. मजुरी आणि ऑइल-गॅस्केट मिळून 2,000 रुपये ताईने भरले. मधले दोन बाजार बुडाले असते, पण गटातल्या दुसरीने आपली गाडी दिली. हप्ता आठ दिवस उशिरा आला, पण आला. दिवाळीचा बाजार हातचा गेला नाही.

गाडी परत घेताना आणखी तीन कामं करा. जुने भाग दाखवायला सांगा. बिलावर काय बदललं आणि बदललेल्या भागांना किती दिवसांची हमी आहे, ते लिहून घ्या. आणि गाडी चालवून बघितल्याशिवाय "समाधानी आहे" या रकान्यात सही करू नका.

नाही म्हणाले तर?

गुडविल नाकारलं, तर ते त्यांच्या हातात आहे, हे मान्य करावं लागतं. सवलतीसाठी कोर्टात जाता येत नाही. पण बनावटीतलाच दोष होता, किंवा वॉरंटीतली तक्रार टोलवत टोलवत मुदत संपवली, असं असेल तर तो हक्काचा प्रश्न होतो. तिथं ग्राहक कायदा आपल्या मागे उभा आहे.

हा कायदा आपोआप आलेला नाही. आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात, 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. साध्या गिऱ्हाइकालाही दाद मागता आली पाहिजे, यासाठी देशभर लोकांनी आवाज उठवला, तेव्हा 1986 साली कायदा आला. त्याला मंजुरी मिळाली तो 24 डिसेंबर आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. आता त्या जागी 2019 चा नवा कायदा आहे, तो जुलै 2020 पासून लागू झाला.

आधी 1915 या क्रमांकावर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि आपल्याला नोंदणी क्रमांक देतात. हे कोर्ट नाही, हुकूम देत नाहीत. पण बऱ्याचदा एवढ्यावर कंपनी उत्तर द्यायला लागते.

तेवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. नांदेडला आहे, लातूरला आहे. शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. मात्र दोष बनावटीतलाच होता, हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. त्याला जाणकाराचा अहवाल लागतो. म्हणून पुन्हा तेच, जॉब कार्ड आणि बिलं.

दोन शंका आम्हाला नेहमी विचारतात. "गाडी नवऱ्याच्या नावावर आहे, मी तक्रार करू शकते का?" मालकाच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीसुद्धा कायद्याने ग्राहकच असते. दुसरी शंका, "आम्ही गाडीवर धंदा करतो, मग आम्ही ग्राहक कसे?" स्वतः राबून, पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू कायदा व्यापारी वापरात धरत नाही. पापड-चटणी विकणारी आपली ताई ग्राहकच आहे.

तक्रार करताना शोरूम आणि कंपनी, दोघांचीही नावं घाला, पण कुणाची चूक कुठली, ते वेगळं लिहा. गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की विक्रेत्याने स्वतः केलेल्या चुकीला कंपनी आपोआप जबाबदार धरता येत नाही. सर्व्हिसिंग बिघडवलं ते शोरूमने, भाग मुळात खराब होता तो कंपनीचा. हा फरक लक्षात ठेवा. आणि वकील लागलाच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक 15100.

आपल्या गटाने काय ठरवलं

त्या दिवसापासून आमच्या गटात एक ठराव झाला. गाडीसाठी कर्ज घेणाऱ्या प्रत्येकीने चार कागद एका पिशवीत ठेवायचे: खरेदीचं बिल, आरसीची प्रत, सर्व्हिस बुक आणि सगळी जॉब कार्डं. कर्जाच्या खतावणीत हप्त्याच्या तारखेशेजारी वॉरंटी संपण्याची तारीखही लिहायची. आणि वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी, गाडी चांगली चालत असली तरी, एकदा अधिकृत केंद्रात नेऊन लहानसहान आवाज, गळती, झटका, जे काही असेल ते जॉब कार्डवर लिहून घ्यायचं.

हे शेवटचं काम सगळ्यात स्वस्त आहे. एका ओळीचं काम. आमच्या ताईची ती एक ओळ राहिली, त्याचे तिला 2,000 रुपये पडले. तुमची राहू देऊ नका.

आज घरी गेल्यावर गाडीचं सर्व्हिस बुक शोधा. सापडलं, तर वॉरंटीची तारीख बघा. नाही सापडलं, तर घरात विचारा, आणि पुढच्या बैठकीला सोबत आणा. आपण मिळून वाचू.